तीन दिवसांत बुटकी झालेली पोरं

१

पालीच्या अंगणवाडीतली अकरा पोरं तीन दिवसांत बुटकी झाली.

कागदावर, अर्थात. सोमवारी सेविकेनं त्यांची उंची मोजून वहीत लिहिली. गुरुवारी गावात आरोग्य शिबिर होतं, तिथं नव्या यंत्रावर तीच पोरं पुन्हा उभी केली, तर अकराच्या अकरा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनं कमी भरली. पोरं काही लोकरीचे स्वेटर नव्हेत धुतल्यावर आटायला. मग लबाडी कुणाची? सेविकेची. बालविकास खात्याच्या साहेबांनी तिथल्या तिथं निकाल लावून टाकला आणि दुसऱ्या दिवशी नोटीस धाडली.

ती नोटीस मुठीत चुरगाळून मंगल रेणुसे मंगळवारी दुपारी भोरात माझ्या दारात उभी होती. मी सौदामिनी देवस्थळी, एकतीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, आता निवृत्त आहे आणि निवृत्ती मला मानवत नाही. मंगल माझी विद्यार्थिनी. लग्न होऊन राजगडाखाली पालीला गेली आणि चौदा वर्षं तिथली अंगणवाडी चालवते.

"बाई, म्या एक आकडा बी खोटा लिवला न्हाई," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "पोराला तक्त्याला उभं करायचं, डोक्यावर पाटी आडवी धरायची, आकडा वाचायचा न् लिवायचा. दर म्हैन्याला ह्येच करते."

"आत ये आधी. पाणी पी."

"परवा गुरवारी वेल्ह्याला चौकशी हाय. नोकरी गेली तर गेली, बाई, चुलीपुढं बसंन. पर गावात काय तोंड दावू? पोरांच्या खाण्याच्या आकड्यात खोटं क्येलं म्हनत्यात."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही, पदराचं टोक पिळत बसली आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. मंगलला मी ओळखते. नववीत सहामाहीला तिला चुकून दोन मार्क जास्त पडले होते, ती स्वतः पेपर घेऊन कमी करायला आली होती. असली पोरगी आकडे फुगवेल?

आणि खरं सांगायचं तर मला मिरची लागायला आणखी एक कारण होतं. ती पोरं ज्या तक्त्याला उभी राहतात तो तक्ता माझा. माझे यजमान अमृतराव मोजणी खात्यात होते, सगळा भोर-वेल्हे तालुका पायांनी मोजलेला माणूस. ते गेल्यावर मी त्यांच्या नावानं वेल्ह्याकडच्या आठ अंगणवाड्यांना उंचीचे आठ तक्ते दिले. शिवऱ्याला हायवेवर शेफालीचं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे, तिच्याकडून छापून घेतले. प्रूफ मी स्वतः तपासलं, कंपासपेटीतली पट्टी लावून. तेव्हा तक्त्याबद्दल कुणी शंका काढलेली मी ऐकून घेणार नव्हते.

"नोटिशीत तक्त्याबद्दल काही आहे?" मी विचारलं.

"न्हाई. पर तक्ता आल्यापास्नंच पोरांची उंची वाढली म्हनत्यात. म्हनून तर मला गेल्या वर्षी प्रशस्तिपत्रक घावलं. आता म्हनत्यात, त्ये बी खोटं."

"डोंबल खोटं! सकाळच्या पहिल्या एसटीनं मी येते पालीला."

मंगल गेली. मी स्वयंपाकघर ते अंगण अशा चकरा मारत राहिले. भाजी करपली, तीही तशीच खाल्ली.

२

भोरहून नसरापूर, नसरापूरहून वेल्ह्याची गाडी, शेवटी जीप. पालीला पोचेस्तोवर दहा वाजले. जानेवारीची थंडी होती. शाली पांघरलेले ट्रेकर गड चढायला निघाले होते आणि अंगणवाडीतली पोरं उन्हाच्या पट्ट्यात ओळीनं बसून गूळशेंगदाणे खात होती.

तक्ता दाराशेजारच्या भिंतीवर होता. साडेचार फुटी फ्लेक्स, डावीकडं जिराफ, मधे रेघा आणि आकडे, वर आंब्याच्या पानांचं हिरवंगार तोरण, आणि तोरणाखाली 'कै. अमृत देवस्थळी यांच्या स्मरणार्थ'. तोरण मी सांगितलं नव्हतं, पण पोरांना आवडलं म्हणून राहू दिलं होतं. नाव वाचून मला क्षणभर बरं वाटलं. मग मी पिशवीतून पट्टी काढली आणि दोन रेघांमधलं एक घर मोजलं. एक सेंटिमीटर. आणखी वर एक मोजलं. तेही एक सेंटिमीटर, काटेकोर.

"बघ," मी मंगलला म्हणाले, "तक्ता चोख आहे."

मदतनीस फुलाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. साठीच्या आसपासची बाई, मंगलशी त्यांचं फारसं पटत नाही हे मला मंगलनं जीपमधनं उतरल्या उतरल्या सांगितलं होतं. सेविकेची जागा त्यांच्या सुनेला हवी होती म्हणे. मी त्यांच्यापुढं फतकल मारून बसले.

"फुलाबाई, सोमवारी पोरं मोजली तेव्हा तुम्ही होतात?"

"व्हते की. टाचा म्याच धरते. पोरगं टाच उचालतंय, म्हनून."

"आणि कुणाची टाच धरायची राहिली?"

"अकरांची ऱ्हाईल व्हय, मास्तरीणबाई?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "माजा सोताचा नातू हाय त्यात, सार्थक. चार वर्साचा झाला. मंगल म्हनते, बरूबर वाढतोय. म्या म्हनते, कुठं वाढतोय? गेल्या संक्रांतीची चड्डी ह्या संक्रांतीला बी हुतीया. तर मलाच येड्यात काढत्यात. तक्ता सांगतोय नव्हं समदं ठीक, मग म्हातारीचं कोन ऐकतंय?"

चौकटीला टेकून एक किडकिडीत पोरगा माझ्याकडं बघत होता. हाच तो, मी ओळखलं.

"तक्त्याला कुणी हात लावला होता का?" मी विचारलं.

फुलाबाईंनी सूप परत मांडीवर ओढलं. मंगलनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"फुलामावशे," मंगल म्हणाली, "तू काय क्येलंस?"

"काय क्येलं म्हंजे? चिकटपट्टी सुटली व्हती. तक्ता घसरला व्हता खाली. बोटभर. खालचं टोक दुमडून फरशीवर आलं व्हतं. नोटीस आली तवा माज्या ध्यानात आलं, न् म्या गुमान वर सारून नवी पट्टी लावली. भ्या वाटलं, बाई. म्हनलं, माज्या डोस्क्यावर येतंय."

"कधीपासून घसरला होता?"

"आता त्ये कसं सांगू? कोन बगतंय खालच्या टोकाला!"

मला तर उडीच मारावीशी वाटली. तक्ता बोटभर घसरला, तर प्रत्येक आकडा बोटभर खाली आला. पोरगं मात्र होतं तेवढंच. म्हणजे प्रत्येकाची उंची बोटभर जास्त वाचली जाणार! आणि बोट म्हणजे किती? सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. सुटलं की कोडं, तेही पाऊण तासात. फुलाबाईंचं तोंड एवढंसं झालं होतं. मंगल त्यांच्यावर ओरडली नाही, नुसती पायरीवर जाऊन बसली.

३

वेल्ह्याला पर्यवेक्षिका अश्विनीमॅडम भेटल्या. तिशीतली चटपटीत बाई. शिबिरात पोरं त्यांनीच मोजली होती आणि तक्रारही त्यांच्याच कागदावरून झाली होती. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, पण नजर सारखी मोबाईलवर.

"तुमच्या यंत्राचा काय भरवसा?" मी सरळच विचारलं.

"बाई, मोजायच्या आधी आम्ही मीटरभराचा स्टीलचा दांडा लावून बघतो. त्या दिवशीही बघितला. शंभरला शंभर."

"मंगलनं आकडे फुगवले असं तुम्हाला मनापासून वाटतं?"

त्यांनी मोबाईल उलटा ठेवला. "मला काय वाटतं ते कोण विचारतं? तक्ते लागल्यापासून आठही अंगणवाड्यांची उंची सुधारली. त्यावर माझंही कौतुक झालं. आता पाली खोटी ठरली तर मलाच विचारतील ना, तुम्ही वर्षभर काय बघत होता? मंगलताईंनी एकटीनं केलं असं निघालं तर..." त्या थांबल्या. "तर मी वाचते. हे मी तुमच्यापाशी बोलले, बाहेर बोलणार नाही."

बाई प्रामाणिक निघाली. मी तिला घसरलेल्या तक्त्याची गोष्ट सांगितली. तिचा चेहरा उजळला, तिनं लगेच दोन्ही दिवसांचे आकडे काढून माझ्यापुढं ठेवले. "तुम्हीच उदाहरण सोडवून द्या, बाई. मी साहेबांना दाखवते."

मी पेन घेतलं आणि वजाबाक्या करायला लागले. शेजारी तिसरा रकाना, फरकाचा.

पहिली पोरगी. तक्त्यावर नव्वद, यंत्रावर अठ्ठ्याऐंशी पॉइंट नऊ. फरक एक पॉइंट एक.

दुसरा. अठ्ठ्याण्णव, शहाण्णव पॉइंट आठ. फरक एक पॉइंट दोन.

तिसरा. एकशे सात, एकशे पाच पॉइंट सात. एक पॉइंट तीन.

सगळ्यात उंच पोरगा. एकशे पंधरा, एकशे तेरा पॉइंट सहा. एक पॉइंट चार.

माझा चहा तसाच राहिला. तक्ता घसरला असता तर सगळ्यांना सारखा घसरला असता! नव्वदवालीचा एक पॉइंट एक गेला तर एकशे पंधरावाल्याचाही तेवढाच जायला हवा. इथं बुटक्याचं कमी गेलं होतं, उंचाचं जास्त. कुणी मनानं आकडे फुगवले असते तरी अकरा जणांचे असे शिस्तीत फुगवणं बापजन्मात जमलं नसतं. मी भागाकार केले. नव्वदला एक पॉइंट एक, एकशे पंधराला एक पॉइंट चार. सगळीकडं उत्तर एकच, शंभरामागं सव्वाला जरा कमी. फुलाबाईंचा तक्ता घसरला असेल तो सोमवारी पोरं मोजून झाल्यावर, शिबिराच्या गर्दीत कधीतरी. त्या बिचाऱ्या उगाच भ्यायल्या.

"काय झालं?" अश्विनीमॅडमनी विचारलं.

मी मंगलला फोन लावला. "मंगल, गावात स्टीलची टेप कुणाकडं आहे? शिंप्याची नको, ती ताणते."

"चिमाजी गवंड्याकडं हाय, बाई. समोरच घर हाय त्येचं."

"आण. आणि तक्त्याच्या शून्यापासून शंभराच्या रेघेपर्यंत मोज. मधलं काही मोजू नकोस. फोन चालू ठेव."

पलीकडून पोरांचा गलका, कुणाला तरी 'सरक रं' म्हटल्याचं ऐकू आलं, मग टेपचा खरखराट. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले, परत आले, परत खिडकीशी गेले.

"बाई," मंगलचा आवाज बारीक झाला होता. "अठ्ठ्याण्णव न् वर आठ बारक्या रेघा."

"पुन्हा मोज. चिमाजीला मोजायला लाव."

जरा वेळानं एक जाड आवाज आला. "नमस्कार, बाई. अठ्ठ्याण्णव आठ. म्या दोनदा लावली टेप. ह्यो तुमचा मीटर शंभराचा न्हाई बगा."

एक घर मोजलं तर सेंटिमीटर भरतो. तेही दोन ठिकाणी, मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला. आणि शंभर घरं मोजली तर सव्वा सेंटिमीटर गायब.

४

शिवऱ्याला उतरले तेव्हा चार वाजून गेले होते. हायवेचा घरघराट, एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला रसवंती, मधे शेफालीचं दुकान. शेफाली पस्तिशीची, एकटीनं दुकान चालवते. सरपंचाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपासून दहाव्याच्या पत्रिकेपर्यंत सगळं तिच्याकडं. मी काय झालं ते सांगितलं तशी ती आधी तांबडीलाल झाली.

"काकू, माझ्या मशीनवर संशय घेताय? फ्लेक्स उन्हानं ताणतो, एक वेळ वाढेल. आटत नाही कधी."

"मशीन राहू दे. फाईल उघड."

तिनं उघडली. पडद्यावर जिराफ, रेघा, तोरण. "हे बघा. एक रेघ काढली, खाली किती अंतर सोडायचं ते या चौकटीत लिहिलं, दहा मिलिमीटर. मग सॉफ्टवेअरला सांगितलं, एकशे वीस वेळा काढ." तिनं एका रेघेवर टिचकी मारली. अंतराच्या चौकटीत आकडा आला, दहा. दुसऱ्या रेघेवर मारली. दहा. कुठल्याही रेघेवर मारा, दहाच. "आता बोला, माझी काय चूक?"

पडदा खोटं बोलत होता हे नक्की, पण कुठं? समोरच्या भिंतीवर नमुन्याच्या लग्नपत्रिका लावल्या होत्या. हिरवी, केशरी, लाल. हिरवीवर वरच्या बाजूला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. तेच ते.

"शेफाली, माझ्या तक्त्यावर लग्नपत्रिकेचं तोरण कसं आलं?"

ती ओशाळून हसली. "ते होय! काकू, नवी फाईल उघडली की मराठी फाँट फुटतो. जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या भलतीकडं जातात. म्हणून मी एकच जुनी पत्रिकेची फाईल धरलीय, तिच्यात सगळं नीट येतं. तीच उघडायची, आतलं पुसायचं, नवं टाकायचं. आमच्यात सगळे असंच करतात. तोरण पुसायचं राहिलं, आणि तुम्हाला आवडलं."

"सगळं त्याच फाईलीत?"

"सगळं. पत्रिका, पावत्या, हळदीकुंकवाची कार्डं."

"मग एकशे विसाव्या रेघेवर टिचकी मार. अंतर नको मला. ती शून्यापासून कुठं आहे ते दाखव."

तिनं मारली. शेजारच्या चौकटीत आकडा आला. शेफाली पुढं झुकली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"अकराशे पंच्याऐंशी," ती म्हणाली. "बाराशे पाहिजे ना?"

"बाराशे पाहिजे."

ती घाईघाईनं कुठल्या कुठल्या खिडक्या उघडत गेली. शेवटी एक यादी सापडली आणि तिनं कपाळाला हात लावला. जुनी फाईल मापं पॉइंटात धरत होती. पॉइंट म्हणजे छपाईवाल्यांचं बारकं माप, इंचाला बहात्तर. आणि फाईल फक्त पूर्ण पॉइंट ठेवायची, अर्धामुर्धा टाकून द्यायची. दहा मिलिमीटरचे होतात अठ्ठावीस पॉइंट आणि वर तिसऱ्या हिश्शाएवढा तुकडा. तेवढा तुकडा फाईलीनं गिळला. राहिले अठ्ठावीस. आणि दाखवताना मात्र मिलिमीटरमधे, तेही दशांश कापून, पूर्ण आकडा.

"दशांश चालू कर," मी म्हणाले.

तिनं केले. चौकटीतला दहा पुसला गेला. नऊ पूर्णांक आठशे अठ्ठ्याहत्तर.

पत्रिकेला काय फरक पडतो? ओळ केसभर वर गेली काय, खाली गेली काय, लग्न लागतंच. पण तीच केसभर चूक एकशे वीस वेळा खाली उतरवली की पोरांच्या उंचीत दीड सेंटिमीटर होते. एका घरात ती डोळ्यांना दिसत नाही, माझ्या पट्टीलाही दिसली नाही. उत्तर हाती आलं होतं, मंगल वाचली होती, मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या.

शेफाली ड्रॉवर उपसायला लागली. "काकू, माझं दुकान बुडेल. म्हणतील, हिच्याकडून छापू नका. सॉफ्टवेअरची चूक म्हणू या ना? नाहीतरी तीच आहे." मग तिच्या हाताला एक फाईल लागली. तिनं ती आधी स्वतः बघितली आणि मग माझ्यापुढं सरकवली.

माझं प्रूफ. साध्या कागदावर तक्त्याचा वरचा भाग, पंचवीसेक घरं. अमृतरावांच्या नावाभोवती माझ्या लाल पेनाच्या चार खुणा. 'स्मरणार्थ'मधला रफार सरकला होता, तो दोनदा दुरुस्त केलेला. देवस्थळीची वेलांटी, तीही दोनदा. आणि खाली, एका घराशेजारी बारीक अक्षरात, 'माप बरोबर. पास. सौदामिनी.'

नाव चार वेळा तपासलं होतं. माप एकदा. तेही एकच घर.

मी एकतीस वर्षं ओरडत आले, उत्तर पूर्णांकात आणायचं ते शेवटी, मधेच तुकडा टाकायचा नाही! मंगललाही त्यावरून एकदा बाकावर उभी केलेली. आणि अमृतराव? जमीन एका टोकानं मोजून झाली की दुसऱ्या टोकानं परत मोजायचे. शेतकरी वैतागायचे, जेवण निवायचं, मीही किती वेळा चिडले असेन. त्यांच्याच नावाच्या तक्त्याला मी दुसरं टोक लावलं नाही. ते पंचवीस घरांचं प्रूफ नुसतं पट्टीनं सलग मोजलं असतं तरी तीन मिलिमीटर कमी भरले असते. मला भयंकर लाज वाटली. शेफालीसमोर रडू आवरलं नाही.

"राहू दे, पोरी," मी डोळे पुसून म्हणाले. "हा कागद मला दे."

५

गुरुवारी वेल्ह्याला साहेबांच्या खोलीत आम्ही पाच जणी होतो. मंगल, फुलाबाई, अश्विनीमॅडम, शेफाली आणि मी. शेफालीला मी बोलावलं नव्हतं, ती आपणहून दुकान बंद करून आली.

मी फरकाचा रकाना दाखवला, चिमाजीच्या टेपचा आकडा सांगितला, पॉइंटाचं गणित फळ्यावर मांडलं. साहेबांना ते दुसऱ्या वेळेला कळलं. अश्विनीमॅडमनी पोरं यंत्रावर कशी मोजली ते सांगितलं आणि न विचारता पुढं म्हणाल्या, "आठही तक्ते माझ्या हद्दीतले आहेत. मीसुद्धा कधी टेप लावली नाही."

"म्हणजे छापणाऱ्याची चूक," साहेब म्हणाले.

शेफालीनं मान खाली घातली. मी पिशवीतून प्रूफ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"छापणारीनं मला तपासायला दिलं होतं. पास मी केलंय. खाली सही आहे, वाचा. चूक नोंदवायची तर माझ्या नावावर नोंदवा आणि मंगलची नोटीस आत्ता, माझ्यासमोर मागं घ्या."

त्यांनी घेतली. पाच मिनिटांचं काम, एक रेघ मारली आणि सही केली. मंगलनं हात जोडले. मला वाटलं, आता तरी ती रडेल. ती माझ्याकडं वळली आणि तिनं विचारलं, "बाई, तक्ता आखूड हाय, म्हंजी आकडे जास्त आले. म्हंजी पोरं खरंच कमी हायेत?"

"हो."

"वरीसभर?"

"वर्षभर."

तिनं पिशवीतून वही काढली आणि त्याच टेबलावर, साहेबांना न विचारता, आकडे तपासायला बसली. वयाप्रमाणं उंचीची रेघ असते. रेघेखाली गेलं की पोराला जादा आहार, तालुक्याला डॉक्टरांकडं तपासणी. मी शेजारून यंत्राचे आकडे वाचून सांगत होते, ती रेघ बघत होती. पहिली सुटली. दुसराही सुटला. अकरातली आठ सुटली. तीन रेघेखाली गेली.

"सार्थक," ती म्हणाली. "तक्त्यावर साडेपंच्याण्णव व्हता. रेघेच्या वर. म्हनून न्हाई पाठवला."

फुलाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "म्या म्हनत व्हते," एवढंच म्हणाल्या. "चड्डी व्हतीया म्हनत व्हते."

मंगल उठून त्यांच्यापाशी गेली. दोघींचं पटत नाही म्हणे. मंगलनं त्यांचा हात धरला आणि तिथं उभ्या उभ्या ढसाढसा रडली, नोकरी जाताना रडली नव्हती ती.

शुक्रवारी मी पुन्हा पालीला गेले. उरलेल्या सात गावांचे तक्ते अश्विनीमॅडम उतरवणार होत्या, पालीचा मी उतरवला. चिकटपट्टी जोर लावून ओढावी लागली. तोरण, जिराफ आणि अमृतरावांचं नाव अशी गुंडाळी करून मी पायरीवर ठेवली. भिंतीवर एक पांढरा पट्टा उरला. सार्थकला तालुक्याला न्यायची जीप बाहेर उभी होती, फुलाबाई त्याला स्वेटर घालत होत्या. तो सवयीनं आला आणि टाचा जुळवून त्या कोऱ्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

फुलाबाईंनी वाकून त्याच्या टाचा धरल्या. मंगलनं डोक्यावर पाटी आडवी धरली. मी पेन्सिलीनं भिंतीवर खूण केली आणि चिमाजीची टेप लावली, आधी फरशीपासून वर, मग खुणेपासून खाली.

चौऱ्याण्णव पूर्णांक तीन. दोन्ही वेळा तेवढंच भरलं.

"लिही," मी मंगलला म्हणाले.